वाळवंटातील घोडे, पाहुणे आणि पाऊस

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग उभी राहते. आमच्याही डोळ्यांपुढे तेच चित्र होते. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टूसॉन नावाचे शहर आहे. तेथील एका रुग्णालयात आमची थोरली मुलगी परिचारिका आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत तिने आम्हा उभयतांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतले. आम्ही रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षे फिटर म्हणून राबलो आणि आमच्या पत्नीने अंगणवाडीत लोकांची लेकरे सांभाळली. असे आम्ही दोघे विमानाच्या खिडकीतून खाली बघतो तर वाळू कुठेच नाही! करडी जमीन, काळे डोंगर आणि त्यांच्या उतारावर हजारो हिरवे खांब उभे.

ते खांब म्हणजे सवारो जातीचा निवडुंग. मुलीने पहिल्याच आठवड्यात आम्हाला त्याच्या पायथ्याशी नेऊन उभे केले. चाळीस फुटांपर्यंत उंची आणि दीडशे वर्षांहून अधिक आयुष्य. त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात. म्हणजे ज्याला नुकताच हात फुटला आहे, तो बहुधा आमच्याच वयाचा! अंगाला घड्या असतात. पाऊस पडला की त्या फुगतात, पाणी साठते आणि मग महिनोन् महिने तो त्याच पाण्यावर जगतो. गरिबाच्या घरी दिवाळीची साखर पुरवून पुरवून वापरतात, तसेच हे.

टूसॉनला वर्षभरात सरासरी अकरा-बारा इंच, म्हणजे तीनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. मुंबईकर वाचकांना २६ जुलै २००५ आठवत असेल. त्या एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. टूसॉनला तेवढे पाणी मिळायला तीन वर्षे लागतात. त्या तुटपुंज्या पाण्यावर माणसे, घोडे आणि पाहुणे यांचा संसार कसा चालतो, ते आम्हाला बघायला मिळाले. तीच हकीकत येथे सांगत आहोत.

मावशीच्या ओळखीने

आमच्या मुलीबरोबर काम करणारी एक मेक्सिकन वंशाची मुलगी आहे. तिची आई शहराबाहेर वायव्येला एका गेस्ट रँचवर स्वयंपाकघर सांभाळते. रँच म्हणजे गुरे-घोडे पाळण्याचे मोठे रान. गेस्ट रँच म्हणजे असे रान, जेथे शहरातील माणसे पैसे भरून आठवडाभर राहतात, घोड्यावर बसतात, पंगतीला जेवतात. एका माणसाचे एका रात्रीचे भाडे शेकडो डॉलर असते. ते आपल्या खिशाला परवडणारे नव्हतेच. पण त्या बाईने आग्रहच धरला. ती म्हणाली, "माझ्या खोलीशेजारची खोली रिकामी आहे. माझे पाहुणे म्हणून या." आमची मुलगी तिला 'टिया' म्हणते. स्पॅनिश भाषेत टिया म्हणजे मावशी किंवा आत्या. मग आम्हीही तिला मावशीच म्हणू लागलो. अशा रीतीने आम्ही दिवाणखान्याच्या दाराने न जाता स्वयंपाकघराच्या दाराने रँचमध्ये शिरलो. बरेच झाले. कोणतेही घर मागच्या दाराने अधिक चांगले कळते.

या धंद्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८८० च्या दशकात डकोटा प्रांतात ईटन नावाचे तीन भाऊ गुरे पाळीत होते. पूर्वेकडचे मित्र त्यांच्याकडे हवापालटासाठी येत आणि महिनोन् महिने राहत. पाहुणचाराचा खर्च झेपेना, तेव्हा पाहुणेच पैसे देऊ लागले. शहरी माणसाला तिकडे थट्टेने 'ड्यूड' म्हणत, म्हणून अशा ठिकाणाला 'ड्यूड रँच' नाव पडले. १९२६ मध्ये या मालकांची संघटनाही झाली. ॲरिझोनात हा धंदा १९२० नंतर वाढला. तेथील विकेनबर्ग गाव तर स्वतःला जगातील ड्यूड रँचची राजधानी म्हणवून घेत असे. उत्तरेकडे बर्फ पडते, म्हणून तिकडचा हंगाम उन्हाळ्यात. ॲरिझोनात थंडी सुखाची आणि उन्हाळा जीवघेणा, म्हणून येथील हंगाम ऑक्टोबर ते मे.

आणखी एक गोष्ट मावशीने अभिमानाने सांगितली. सिनेमात दिसणारा काउबॉय गोरा असतो, पण ही विद्या मूळची मेक्सिकन गुराख्यांची. लासो, रोडिओ, कोराल आणि खुद्द रँच हे सारे शब्द स्पॅनिशमधून आलेले. खऱ्या गुराख्यांत मेक्सिकन होते, काळे होते, आदिवासी होते. पडद्यावर मात्र ते फारसे आले नाहीत. काम करणारा एक आणि चित्रात दिसणारा दुसरा, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

मार्चमधला एक दिवस

मार्च महिना म्हणजे ऐन हंगाम. पहाटे पाचला घोड्यांच्या टापांनी जाग आली. रानात सोडलेले घोडे कुंपणात आणण्याचे काम चालले होते. तेथे घोडे सांभाळणाऱ्याला रँगलर म्हणतात. आपल्याकडे मोतद्दार म्हणत, तसाच. त्यांत निम्म्या तर मुली होत्या. कमरेला चामड्याचा पट्टा, डोक्याला टोपी आणि हातात खरारा. आधी घोड्यांना लसूणघास आणि चंदी, मग खरारा, मग खुरांतले खडे काढणे, मग खोगीर. कोणत्या पाहुण्याला कोणता घोडा द्यायचा, हे पाहुण्याची उंची, वजन आणि मुख्य म्हणजे भीती बघून ठरते.

सकाळी सातला घंटा झाली. एका लांब टेबलावर सगळे जेवायला बसले. मालक, मालकीण, न्यूयॉर्कचा वकील, जर्मनीहून आलेले कुटुंब, घोड्यांची लीद काढून हातपाय धुऊन आलेली रँगलर मुले आणि आम्ही. भांडी या हातातून त्या हातात फिरत होती. कोणी कोणाला वेगळे ताट वाढले नाही. आमच्या पत्नीने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही, पण दोघांच्या मनात एकच गोष्ट होती. पंगतीत बसणे ही कोणाला साधी गोष्ट वाटते. ज्यांच्या वाडवडिलांना लांब बसवले गेले त्यांना ती साधी वाटत नाही.

जेवण झाल्यावर मालक स्वतः बाह्या सरसावून भांडी धुवायला उभे राहिले. साठी उलटलेला माणूस. हे रान त्यांच्या आजोबांनी घेतलेले. ते हसून म्हणाले, "हंगामात येथे मालक कोणी नसतो. ज्याचा हात रिकामा, त्याचे काम." अर्थात पगार देणारा कोण आणि घेणारा कोण, हे दोघांनाही ठाऊक असते. मावशीने ते आम्हाला रात्री स्पष्ट सांगितले. पण ज्या धंद्यात मालकाच्या हातालाही घट्टे असतात, तेथे बोलणे जरा सोपे जाते, असेही ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी आम्हाला घोड्यावर बसण्याचा आग्रह केला. आम्ही मागे सरलो. आमचे आजोबा गावच्या सेवेत होते. गावात साहेब आला की त्याच्या घोड्याला चारापाणी करायचा, लगाम धरून उभे राहायचे, निघाला की पुढे धावायचे. घोड्याची लीद त्यांच्या वाट्याला, घोड्याची पाठ कधीच नाही. हे आम्ही मुलीला इंग्रजीत सांगायला सांगितले. मालकीणबाई क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी एक म्हातारी करडी घोडी आणली, स्वतः लगाम धरला आणि रिकीब हाताने स्थिर करून म्हणाल्या, "आज मी धरते."

आम्ही बसलो. घोडी सावकाश चालली. सवारोंच्या रांगांमधून, पिवळ्या फुलांच्या झुडपांमधून अर्धा तास फिरलो. उतरताना पाय लटपटत होते आणि डोळे भरून आले होते. पत्नी म्हणाली, "ऊन लागलं असेल." आम्हीही हो म्हणालो.

हंगामाचे चक्र

रँचचे वर्ष आपल्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. सप्टेंबरअखेर घोड्यांना नाल ठोकण्यापासून ते सुरू होते. ऑक्टोबरमध्ये पाहुणे येतात. नाताळात खोली शिल्लक नसते. फेब्रुवारीअखेर टूसॉनला गुराख्यांचा मोठा मेळा भरतो. तो १९२५ पासून चालू आहे आणि त्यासाठी शहरातील शाळांना दोन दिवस सुट्टी असते. मिरवणुकीत मोटारीला मज्जाव, फक्त घोडे, खेचरे आणि पायी चालणारी माणसे. मार्च-एप्रिलमध्ये रान फुलते. मे महिन्यात सवारोच्या डोक्यावर पांढरी फुले येतात. ती रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्यात वटवाघळे, मधमाश्या आणि पाखरे आपले काम उरकून घेतात. फुले आली की पाहुणे जातात.

पाहुण्यांपाठोपाठ रँगलर मुले-मुलीही जातात. आपला बिस्तरा गाडीत टाकून वायोमिंग, मोंटाना, कोलोरॅडोकडे, कारण तिकडचा हंगाम तेव्हा सुरू होतो. पुन्हा ऑक्टोबरात परत. हे ऐकताना आम्हाला बीडकडचे ऊसतोड कामगार आठवले. त्यांचाही हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संपतो. फरक मोठा आहे. इथल्या मुलांनी उचल घेतलेली नसते, त्यांच्या मागे मुकादम नसतो आणि कोणाचे लेकरू फडात पाचटावर झोपलेले नसते. राज्याने ठरवलेले किमान वेतन आहे, वर पाहुण्यांची बक्षिसी आहे. तरीही एका मुलीने सांगितले, "तीन वर्षांत मी कोणत्याही गावात पत्ता लिहिलेला नाही." हंगामावर जगणाऱ्याला घर नावाची गोष्ट उशिरा मिळते, हे तिकडेही खरे आहे.

जूनमधले रान

जूनच्या अखेरीस मावशीचा फोन आला, "आता या. आता खरे रान दिसेल." आम्ही गेलो, तर तेच ठिकाण ओळखू येईना. लांब टेबलावर चादर पांघरलेली. खोल्यांना कुलुपे. घोड्यांचे नाल काढून त्यांना विश्रांतीला सोडलेले. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्याची आम्हाला ओळख आहे, पण हे ऊन निराळे. घाम अंगावर टिकतच नाही, आधीच वाळतो. टूसॉनचा उच्चांक २६ जून १९९० चा, ४७ अंशांहून थोडा वर. पहाटे चार ते नऊ काम, मग दार लावून बसायचे. खुळखुळ्या साप सावलीला येतात, म्हणून पायरीवर पाय ठेवण्याआधी खाली बघायचे.

या दिवसांत रँचवर फक्त घरची माणसे, मावशी आणि एक म्हातारा गडी. कुंपणे ओढणे, छपरे डांबरणे, खोगिरांना तेल लावणे ही कामे चालू होती. त्यातच दूरच्या कुरणातील पवनचक्की बंद पडली. तिच्यावर गुरांच्या हौदाचे पाणी अवलंबून. मिस्त्री चार दिवसांनी येणार होता. आम्ही मुलीला म्हणालो, "आम्हाला एकदा बघू तरी द्या."

जाऊन पाहिले, तर आपला गावचा हापसाच तो! वर दांड्याऐवजी वाऱ्याचे चाक, एवढाच फरक. खाली तोच दट्ट्या, तोच व्हॉल्व्ह, तेच चामड्याचे वॉशर. वॉशर झिजले की पाणी वर चढत नाही. मालकाच्या कोठीत जुने सुटे भाग पडलेले होते. मालक, म्हातारा गडी आणि आम्ही अशा तिघांनी पहाटे पाइप वर ओढले, वॉशर बदलले. तिघांच्या तीन भाषा, पण पान्याला भाषा लागत नाही. आठ वाजता वारा सुटला, चाक फिरले आणि नळीतून आधी गंजके आणि मग स्वच्छ पाणी आले. मालकांनी टोपी काढून त्या पाण्याखाली डोके धरले. आमच्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एवढे मोठे प्रमाणपत्र आम्हाला मिळाले नव्हते.

टेबलावरची गोष्ट

त्या दिवशी दुपारी मावशीच्या स्वयंपाकघरात सगळे बसले. मावशी मक्याच्या पोळ्या थापत होती. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून त्याचे पीठ करतात. आमच्या पत्नीने त्याच पिठाची हातावर भाकरी थापून दाखवली. मावशी म्हणाली, "ही तर माझ्या आजीची पद्धत!" मका आणि मिरची दोन्ही आपल्याकडे अमेरिकेतूनच आले. फड्या निवडुंगही तिकडचाच. त्याची लाल बोंडे आपली पोरे रानात खातात, मावशी त्यांचा मुरंबा करते. चुलीत जळत होते ते मेस्कीटचे लाकूड म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची सख्खी बहीण.

बोलता बोलता मालकांनी मनातले सांगितले. त्यांना एका बिल्डरने रानाची मोठी किंमत देऊ केली होती. शहर वाढत वाढत कुंपणाला येऊन भिडले आहे. २०२० च्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, करोनामुळे पाहुणे एका आठवड्यात निघून गेले, ते कर्ज अजून फिटलेले नाही. विहिरीची पातळी खाली चालली आहे. टूसॉन शहराला कोलोरॅडो नदीचे पाणी सुमारे साडेपाचशे किलोमीटर लांबीच्या कालव्याने येते. पण २००० पासून त्या प्रदेशात दुष्काळ ठाण मांडून बसला आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने त्या नदीवर प्रथमच अधिकृत टंचाई जाहीर केली आणि २०२२ पासून ॲरिझोनाचा वाटा कापला गेला. मुलगा शहरात नोकरीला, तो विका म्हणतो. मुलगी गुरांची डॉक्टर व्हायला शिकते आहे, ती नको म्हणते. मालकीणबाई म्हणाल्या, "विकले तर आम्ही श्रीमंत होऊ. पण येथे घरे उठतील आणि हे सवारो कोणाच्या आजोबांनी लावलेले नाहीत."

मावशी पोळी उलटत शांतपणे म्हणाली, "विकले तर तुम्ही श्रीमंत व्हाल. मी काय होईन, ते कोणी विचारले नाही." टेबलावर सगळे गप्प झाले. अठरा वर्षे तिने त्या चुलीवर रांधले होते.

आम्हाला आणखी एका मालकाची आठवण होत होती. हे सारे रान मूळचे ओओधाम लोकांचे. तोहोनो ओओधाम म्हणजे वाळवंटातील माणसे. १८५३-५४ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोकडून हा भाग एक कोटी डॉलरला घेतला, तेव्हा त्यांच्या भूमीच्या मधूनच सरहद्द गेली. त्यांना कोणी विचारले नाही. अमेरिकेतील सर्व आदिवासींना नागरिकत्व मिळाले १९२४ मध्ये आणि ॲरिझोनात मतदानाचा हक्क मिळायला १९४८ साल उजाडले, तेही न्यायालयात झगडून. तरी जूनच्या अखेरीस ते आजही सवारोची फळे काढायला येतात. मेलेल्या सवारोच्या फासळ्या एकमेकींना जोडून लांब काठी करतात, तिने लाल फळे पाडतात, पाक करतात. त्यांचे नवे वर्ष या फळांपासून आणि पहिल्या पावसापासून सुरू होते. सवारोला ते झाड मानत नाहीत, माणूस मानतात.

पाऊस

दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडे ढग चढले. आधी धुळीची भिंत आली, मग विजा, मग वास. क्रिओसोट नावाचे एक झुडूप आहे, ते ओले झाले की सारे रान दरवळते. आपल्या मृगाच्या मातीसारखा तो वास. पाठोपाठ असा पाऊस कोसळला की कोरडा ओढा पाच मिनिटांत गरजू लागला. रात्री डबक्यांतून बेडकांचा कल्लोळ. हे बेडूक वर्षातले बहुतेक महिने जमिनीत गाडून घेऊन पडून राहतात आणि ढगांचा गडगडाट ऐकून वर येतात. एवढ्या लहान जिवाला केवढा धीर!

आम्ही सगळे ओसरीत उभे होतो. मालकांची मुलगी पावसात धावत जाऊन घोड्यांचे फाटक उघडून आली. तिचे वडील तिच्याकडे बघत राहिले. मग मावशीकडे वळून म्हणाले, "काल तू बोललीस ते बरोबर आहे. ठरवताना तूही टेबलावर बस."

जुलैअखेर आम्ही मायदेशी परतलो. पुढे मुलीकडून कळले, की त्यांनी बिल्डरला नकार कळवला. जमीन घराण्याकडेच राहील, पण तिच्यावर कधीही वसाहत उठणार नाही, असा कायदेशीर करार करता येतो आणि त्यात करसवलतही मिळते. त्या वाटेने ते निघाले. त्याच जिल्ह्यातील मतदारांनी २००४ मध्ये मोकळी राने राखण्यासाठी कर्जरोख्यांना मंजुरी दिली होती, म्हणजे लोकांचाही कल तिकडे आहे. हॉटेलच्या हिशेबात मावशीचा लहानसा वाटाही धरला गेला. दुष्काळ मात्र संपलेला नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या फिनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता आणि तेथे शंभर वर्षांचे सवारो उभ्या उभ्या कोसळले. तेव्हा रँच टिकेलच, असे कोणी छातीठोक सांगू शकत नाही.

गेल्या ऑक्टोबरात मावशीने एक छायाचित्र पाठवले. लांब टेबल, त्यावरची चादर काढलेली, मालक भांडी धूत आहेत आणि टेबलाच्या टोकाशी मावशी पाय पसरून बसली आहे. खाली तिने लिहिले होते, "पवनचक्की चालू आहे."

ते छायाचित्र आम्ही भिंतीवर लावले आहे. नातवंडे विचारतात, तेव्हा आम्ही त्यांना सांगतो, की आजोबा घोड्यावर बसले ती गोष्ट मोठी आहेच. पण हातातली विद्या परदेशातही उपयोगी पडली आणि जिने रांधले ती टेबलावर बसली, त्या दोन गोष्टी त्याहून मोठ्या.